अकरा नंबरची प्रायव्हेट टूर

राजवाड्याच्या दारात गाइड लोकांना नाव नसतं, नंबर असतो. छातीवर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आकडा, आणि जन्मभर तीच ओळख. चार नंबर, सात नंबर, एकवीस नंबर. आपल्या माणसाचा नंबर अकरा. छत्तीस वर्षांत तो आकडा अंगात इतका मुरला होता की एकदा दवाखान्यात नर्सने "अकरा नंबर" अशी हाक मारल्याबरोबर हा तडक उठून आत गेला आणि दुसऱ्याच कुणाच्या वेळेत स्वतःचा न दुखणारा कान तपासून आला. डोळ्यांचे डॉक्टर शेजारच्या खोलीत होते, हे त्याला बाहेर आल्यावर कळलं.

अकरा नंबर उंचीने बेताचा आणि आवाजाने दांडगा. चाळीस माणसांच्या मागे उभ्या असलेल्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जाईल असा आवाज, आणि तो घरीही त्याच मापाने चालायचा. बायकोने साधं विचारलं, की दूध आणलंत का, तर आधी दुकान कुठे आहे, त्याला किती वर्षं झाली, पूर्वी तिथे काय होतं, अशी प्रस्तावना व्हायची आणि मग कळायचं की दूध आणलेलं नाही. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तो दिवसभराचे अभिप्राय म्हणून दाखवायचा. राजवाड्याच्या ऑफिसात एक अभिप्रायाची वही असते. प्रायव्हेट टूर घेणाऱ्याने जाताना त्यात चार ओळी लिहायच्या असतात, आणि आपल्याबद्दल लिहिलेली प्रत्येक ओळ अकरा नंबरला तोंडपाठ असे. बायको ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चहा गार होतोय."

गाइड लोकांचे आपसातले नियम फार नाहीत. दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचं नाही. दुसऱ्याने रचलेली गोष्ट आपण सांगायची नाही. (हो, गाइड गोष्टी रचतात. राजवाड्याच्या खऱ्या इतिहासाला पाऊण तास पुरतो आणि टूर असते दोन तासांची.) तिसरा नियम सगळ्यांत कडक, तो म्हणजे अर्धी टूर सोडायची नाही. पर्यटक चक्कर येऊन पडला तर त्याला सावलीत बसवून उरलेल्यांना पुढे न्यायचं. सात नंबरने एकदा दाढदुखीने कळवळून तिसऱ्या चौकात टूर सोडली, तर पुढे बारा वर्षं सगळे त्याला 'साडेतीन' म्हणत होते.

बायकोची नोकरी लॉन्ड्रीत, काउंटरवर. आलेले कपडे मोजायचे, डाग पाहायचे, खिसे तपासायचे, पावती फाडायची. लोकांच्या खिशांतून काय काय निघतं हे सांगायला बसली तर ती नवऱ्यालाही मागे टाकेल; पण ती सांगत नसे. चाव्या, गोळ्या, एकदा एक आख्खी कवळी. निघालेली वस्तू पाकिटात घालायची, पाकिटावर नंबर टाकायचा आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवायचं. लॉन्ड्रीच्या म्हाताऱ्या मालकाने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं : "गिऱ्हाइकाने मागितलं तर द्यायचं, सही घेऊन. आपण होऊन विचारायचं नाही. खिशात काय होतं ते त्याला माहीत असतं. आपण विचारलं की तो खोटं बोलतो, आणि मग लाजेने दुसऱ्या दुकानात जातो." म्हातारा गेला, दुकान त्याच्या पुतण्याकडे आलं, पण नियम तोच राहिला आणि तो पाळणारीही तीच राहिली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं या बाईने छत्तीस वर्षांत राजवाडा आतून पाहिला नव्हता. राजवाडा सोमवारी बंद, लॉन्ड्री रविवारी बंद, आणि रविवारी राजवाड्यात पाय ठेवायला जागा नसायची. दर वर्षी अकरा नंबर म्हणायचा, "एकदा तुला नीट दाखवायचाय," आणि दर वर्षी ती म्हणायची, "कुठे पळून चाललाय तो?" पुढे हे बोलणंही बंद झालं.

आता ती जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वी एका दुपारी अकरा नंबरकडे बेचाळीस मुख्याध्यापकांचा गट होता. एक मुख्याध्यापक आवरत नाही, इथे बेचाळीस. दुसऱ्या चौकात, कारंज्यापाशी, तो राजाच्या पाणीपुरवठ्याची माहिती देत असताना तिकीटखिडकीवरचा कारकून धापा टाकत आला. हा कारकून सवयीचा गुलाम होता. हाताखाली कागद आला की त्यावर तारीख-वेळेचा शिक्का ठोकायचा. स्वतःच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावरही त्याने तो ठोकला होता. ऑफिसात फोन आला होता, बायकोच्या भावाचा. कारकुनाने निरोप एका कोऱ्या तिकिटाच्या मागे लिहून आणला होता : 'सासूबाई सिरियस. दोघांनी ताबडतोब निघावे.'

बायकोच्या माहेरी जाणारी दिवसातली शेवटची बस सव्वादोनला सुटायची. लॉन्ड्री राजवाड्यापासून पंधरा मिनिटांवर. अकरा नंबरने तिकीट वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. म्हातारी आधी तीनदा सिरियस झाली होती आणि तिन्ही वेळा उठून बसली होती, असं त्याने स्वतःला सांगितलं. बेचाळीस जण वाट पाहत होते. तो पाणीपुरवठ्याकडे वळला. मुख्याध्यापकांच्या शंकांनी टूर लांबली आणि साडेतीनला संपली. चार वाजता तो लॉन्ड्रीत पोचला आणि म्हणाला, "आत्ता निरोप मिळाला. आत्ताच."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघं चार वर्षांच्या लेकीला घेऊन निघाली. सकाळी अकरा वाजता पोचली. म्हातारी पहाटे गेली होती. मेहुण्याने सांगितलं, की रात्री दहापर्यंत शुद्धीत होती, सारखी दाराकडे बघत होती. त्या गडबडीत फोन किती वाजता केला हा विषय कुणी काढला नाही. बायको रडली, परत आली, कामावर गेली. तिने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि नेमकं तेच अकरा नंबरला झेपेना.

वर्षभराने त्याने राणीची गोष्ट रचली.

राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात एक लहान खोली आहे. एकच खिडकी, बाहेर एक दगडी पायरी. ती कशाची होती ते इतिहासाला माहीत नाही, म्हणून गाइड लोक तिला टाळून पुढे जायचे. अकरा नंबर तिथे थांबू लागला. म्हणू लागला, की एकदा राणीच्या माहेराहून पत्र आलं. राजा दरबारात होता. त्याने पत्र वाचलं, शेल्यात खोचलं आणि दरबार पुरा केला. संध्याकाळी राणीला पत्र दिलं आणि म्हणाला, आत्ताच आलं. राणी पोचली तेव्हा तिची आई गेलेली होती. मग तिला खरं कळलं. ती या खोलीत येऊन राहिली आणि एक वर्ष राजाशी बोलली नाही. राजा रोज संध्याकाळी या पायरीवर येऊन बसायचा.

गोष्ट तुफान चालली. बायका डोळे पुसायच्या, पुरुष आपापल्या बायकांकडे बघायचे नाहीत. लोक पायरीवर बसून फोटो काढू लागले. बाकीच्या गाइडांना हेवा वाटला, पण नियम म्हणजे नियम. राणी एकट्या अकरा नंबरची. दिवसातून चार-चार वेळा तो ती सांगायचा, आणि प्रत्येक वेळी राणी त्याला शिक्षा करायची, आणि त्याला घटकाभर बरं वाटायचं. घरी मात्र त्याने या खोलीचं नाव कधी काढलं नाही. बाकी राजवाडा बायकोला फरशीपर्यंत पाठ होता. ही खोली त्याने तिच्या नकाशातच ठेवली नव्हती.

वयाची अट आली. बिल्ला परत करायला पाच दिवस उरले होते. त्या आठवड्यात वेळापत्रकात त्याच्या नंबरापुढे एक ओळ दिसली : 'प्रायव्हेट, एक व्यक्ती, सकाळी दहा, गाइड ११च हवा.' बुकिंगच्या कागदावर नाव नसतं. अकरा नंबर खूश झाला. कुणीतरी जाणकार असणार, पुस्तक-बिस्तक लिहिणारं. त्याने बुटांना पॉलिश केलं, बिल्ला चिंचेने घासला. बायको त्याच्या आधी घरातून निघाली. लॉन्ड्रीत आज लवकर जायचंय, म्हणाली.

दहाला पाच कमी असताना तो दारात आला तर तिथे बायको उभी. हातात छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, आणि दोन बोटांत तिकीट, पर्यटक धरतात तसं.

"अगं, तू? घरी काही झालं का?"

"काही नाही झालं. टूर घ्यायला आलेय. अकराच नंबर हवा म्हटलं, मिळाला."

"मला सांगायचं. फुकट दाखवला असता."

"छत्तीस वर्षं फुकट दाखवताय. म्हटलं, पैसे भरून बघू, दिसतो का."

तिकीटखिडकीत आता एक मुलगी बसते. तिने हसू दाबलं. अकरा नंबर इकडे तिकडे बघत म्हणाला, "बरं, चल. ही समोर दिसते ती मुख्य कमान."

"नीट सांगा. गिऱ्हाइकाला सांगता तसं."

मग त्याचा नाइलाज झाला. त्याने घसा साफ केला आणि लग्नाच्या बायकोला उद्देशून, भर उन्हात, मोठ्या आवाजात सुरुवात केली : "नमस्कार. आपलं या ऐतिहासिक वास्तूमध्ये मनःपूर्वक स्वागत आहे. आपल्याला काही शंका असल्यास निःसंकोच विचारावं." बायको म्हणाली, "विचारेन."

आणि विचारलं तिने. पहिल्या चौकात विचारलं, की एवढे गालिचे, तर धूत कोण होतं आणि वाळत कुठे घालत होतं. छत्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला उत्तर येईना. ती म्हणाली, "इतिहासात नाही वाटतं ते." दरबाराच्या दालनात राजाच्या गादीजवळ वाकून तिने जुना डाग निरखला आणि तो तेलाचा आहे, शाईचा नाही, असा निर्वाळा दिला. पाटीवर शाईचा म्हणून लिहिलं होतं. अकरा नंबरला आत कुठेतरी गंमत वाटू लागली. त्याचा आवाज मोकळा झाला. बोलत्या भिंतीपाशी तर तो खुललाच. या भिंतीच्या एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला, तीस पावलांवर, स्वच्छ ऐकू येतं. तो नव्या जोडप्यांना तिथे नेहमी उभं करायचा आणि स्वतः पाठ फिरवायचा. आज तो स्वतःच भिंतीला कान लावून उभा राहिला. दुसऱ्या टोकाकडून बायकोचा आवाज आला, "गॅस बंद केलात का?"

"केलाय," तो भिंतीला म्हणाला.

वरच्या मजल्याच्या जिन्यात ती दोनदा थांबली. गुडघे. त्याने हात पुढे केला, तिने धरला. वर आल्यावर त्याने तिला गच्चीकडे वळवलं.

"आणि ते तिकडे काय आहे?" तिने छत्रीने कोपरा दाखवला.

"तिकडे काही नाही. दुरुस्ती चाललीय. बंद आहे."

तेवढ्यात चार नंबर आपला गट घेऊन समोरून आला आणि जाता जाता भलेपणाने म्हणाला, "अकरा, तुझी खोली रिकामी आहे बघ. सावकाश सांग, मी पलीकडून जातो." काही माणसांना नको तिथे मदत करायची खोड असते.

बायको त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "आपल्या खालच्या मजल्यावरची शिवणवाली गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन आली होती, तुमच्याच टूरमध्ये. तुम्ही तिला ओळखलंही नाहीत. ती म्हणाली, काही बघू नकोस, पण राणीची खोली बघ."

पळून जायला राजवाड्यात वाटा पुष्कळ आहेत, तो त्या रोज दाखवतो. पण गिऱ्हाइकाला सोडून जायचं कसं? दोघं खोलीत आली. बायको खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. तो दारात उभा राहिला. त्याने ठरवलं, की गोष्ट बदलायची, इकडचं तिकडे करायचं. रचली आपणच तर मोडणारेही आपणच.

"एकदा राणीच्या माहेराहून पत्र आलं," तो म्हणाला. "वाटेत नदीला पूर होता. त्यामुळे पत्र पोचायला उशीर झाला."

"पूर नव्हता," बायको म्हणाली. "शिवणवालीने पुराचं काही सांगितलं नाही. तिने सांगितलं ते सांगा."

मग त्याने सांगितली. नेहमीची गोष्ट, नेहमीच्या शब्दांत, फक्त आवाज नेहमीचा नव्हता. मागे उभ्या असलेल्या बहिऱ्या आजोबांना ऐकू गेला नसता. पत्र, शेला, दरबार, आत्ताच आलं म्हणणं, दाराकडे बघत गेलेली आई. पायरीपर्यंत येऊन तो थांबला.

"शंका विचारू का?" बायको म्हणाली.

"विचार."

"राणीला खरं कुणी सांगितलं?"

"दूताने."

"राजाने नाही?"

"नाही."

"मग तो रोज या पायरीवर बसून करायचा काय? काही बोलायचा?"

"नाही. नुसता बसायचा."

"हं." तिने पिशवी मांडीवर घेतली. "ही राणी मला काही पटली नाही. वर्षभर इथे येऊन बसली, तर तिचं बाकीचं कोण करत होतं? मी असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा टाकला असता, लेकीची वेणी घातली असती आणि कामावर गेले असते." तिने पिशवीत हात घातला. "गेलेही."

पिशवीतून तिने एक पाकीट काढलं. लॉन्ड्रीचं, खाकी, जुनं, कडांना मऊ पडलेलं. त्यावर नंबर घातला होता, ११. आतून तिने तिकीट काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. मागची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. मग तिने तिकीट उलटं केलं. पुढच्या बाजूला, कोपऱ्यात, सवयीच्या गुलामाने ठोकलेला जांभळा शिक्का होता. तारीख तीच. वेळ, बारा वाजून चाळीस मिनिटं.

त्या वेळी अकरा नंबरने हे तिकीट दोन दिवस शोधलं होतं. शर्टाचा खिसा रिकामा मिळाला होता, आणि शर्टाला साबणाचा वास येत होता, म्हणून ते पाण्यात विरून गेलं असं त्याने धरलं होतं. लॉन्ड्रीतल्या बाईचा नवरा असून त्याला असं वाटलं. पुढची बाजू तर त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"गावाहून परत येऊन कपडे भिजवले तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मागितलंत कुठे?" ती म्हणाली. "वाटलं, आज मागाल, उद्या मागाल. पाच-सहा वर्षं वाटत होतं. प्रत्येक वेळी आईची तारीख आली की वाटायचं. मग वाटलं, हा माणूस विसरला. विसरला असेल तर कशाला उकरायचं. मीही ड्रॉवर बंद केला." तिने तिकीट पाकिटात सरकवलं. "आणि गेल्या महिन्यात ती शिवणवाली माझ्या दारात उभी राहून रडत रडत मला माझीच गोष्ट सांगते. म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात. रोज सांगत होतात. दिवसातून चार वेळा, तिकीट काढून येईल त्याला. मग मीही तिकीट काढलं."

तिला राग आला होता. आवाज चढलेला नव्हता, पण एकोणतीस वर्षांत अकरा नंबरने तो राग प्रथमच पाहिला, आणि त्याला कळलं, की आपण राणीला दिलेला राग फारच दिखाऊ होता. तो पायरीवर बसला.

"चुकलो मी," तो म्हणाला. प्रस्तावना नाही, काही नाही. "टूर सोडायला हवी होती. सोडली नाही. मग खोटं बोललो. भीती वाटली."

"कसली?"

"तू या राणीसारखं करशील याची."

"आणि मी केलं नाही, तर तुम्ही ते हिच्याकडून करून घेतलंत."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. बायकोने बाटली पुढे केली. तो पाणी प्यायला.

"टूर सोडली असतीत तरी आई गेलीच असती," ती म्हणाली. "ते मला समजतं. पण तिने मला पाहिलं असतं. ते मी तुम्हाला माफ केलंय का, हे मला अजून माहीत नाही. माझं मला कळलं की सांगेन. लगेच सांगेन, ठेवणार नाही."

"बरं," तो म्हणाला.

बाहेर पावलं वाजली. एक जोडपं दारात आलं. तरुण मुलीने बिल्ल्यावरचा आकडा वाचला आणि तिचा चेहरा उजळला. "राणीची खोली हीच ना? आम्ही खास त्यासाठीच आलोय."

अकरा नंबर उठला. शर्ट खाली ओढला. "नाही हो," तो म्हणाला. "ही खोली कशाची होती ते कुणालाच माहीत नाही. बहुधा धान्याची कोठी असावी. राणीची गोष्ट मी रचलेली होती."

मुलगी हिरमुसली. तिच्या नवऱ्याने तरी पायरीवर बसून फोटो काढून घेतला, म्हणाला, आलोच आहोत तर. ती दोघं गेल्यावर अकरा नंबर बायकोला म्हणाला, "घरी जाऊ या का? तुझे गुडघेही दुखत असतील."

"गच्ची राहिलीय, मुदपाकखाना राहिलाय," बायको छत्री टेकत उठली. "अर्धी टूर सोडायची नाही ना तुमच्यात? चला."

त्याने गच्ची दाखवली. मुदपाकखाना दाखवला. चुलींचे आकार सांगितले, धूर जायच्या वाटा सांगितल्या, आणि त्याला जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाला. असं करत गेल्यावर टूर अर्ध्या तासाने लहान झाली. ऑफिसात नियमाप्रमाणे अभिप्रायाची वही पुढे आली. बायकोने चष्मा लावला, पान हाताने झाकून लिहिलं, शाळेतल्या मुली लिहितात तसं, आणि वही मिटून उठली. उरलेला दिवस तिला लॉन्ड्रीत जायचं होतं. अर्धीच रजा काढली होती.

तिची पाठ फिरल्यावर त्याने वही उघडली. लिहिलं होतं : 'गाइडचा आवाज स्पष्ट आहे. गालिचे कोण धूत होतं याची माहिती मिळाली नाही. वरच्या मजल्यावरची माहिती खरी मिळाली, पण एकोणतीस वर्षं उशिरा मिळाली. बाकी राजवाडा चांगला आहे.'

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चहा झाला होता. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. बायकोने विचारलं, "आजचा अभिप्राय?"

त्याने तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवला. बायको ऐकत होती. चहा गार होतोय, असं ती म्हणाली नाही. मग तो कप बाजूला सारून म्हणाला, "माझी एक वस्तू राहिलीय तुझ्याकडे. शर्टाच्या खिशातली. ती हवी होती."

बायको उठली. पिशवीतून खाकी पाकीट काढून तिने टेबलावर ठेवलं आणि शेजारी पेन ठेवलं. "सही लागते," ती म्हणाली.

त्याने पाकिटावर सही केली. आधी सवयीने ११ लिहायला गेला, मग थांबून पूर्ण नाव लिहिलं.

"खाली वेळ घाला," ती म्हणाली. "बरोबर घाला."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं, सहा वाजून दहा मिनिटं.